दिसलेली गाठ आणि न लिहिलेला आकडा: आपल्या सीटी अहवालांविषयी काही आग्रहाचे मुद्दे

मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक इशारा दिला होता. सौम्य आजारासाठी सीटी स्कॅन करून घेऊ नका, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे, असे ते म्हणाले. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने या तुलनेला लगेच आक्षेप घेतला. आधुनिक यंत्रांत किरणोत्साराची मात्रा त्याहून पुष्कळच कमी असते, असे संघटनेचे म्हणणे होते. काही दिवस देशभर मात्रेची चर्चा रंगली आणि मग विरून गेली. त्या चर्चेत एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. त्या असंख्य स्कॅनमध्ये फुप्फुसांखेरीज आणखी जे दिसले, त्याचे पुढे काय झाले?

छातीचा सीटी फुप्फुसांच्या तळाशी नेमका थांबत नाही. शेवटच्या काही छेदांमध्ये यकृताचा वरचा भाग, प्लीहा आणि पुष्कळदा दोन्ही अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे ॲड्रेनल, येतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींचे वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम असते. त्यांत एखादी लहान गाठ असेल, तर ती ध्यानीमनी नसताना दिसते. अशा योगायोगाने सापडलेल्या गाठीला वैद्यकात १९८२ पासून ‘इन्सिडेंटलोमा’ असे काहीसे मिश्कील नाव आहे. व्याख्या साधी आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या चित्रणात दिसलेली, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी अधिवृक्क गाठ म्हणजे इन्सिडेंटलोमा.

या गाठी दुर्मीळ नाहीत. चीनमधील चोंगछिंग येथे आरोग्य तपासणीसाठी आलेल्या २५,३५६ व्यक्तींच्या सीटींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १.४ टक्के लोकांमध्ये अशी गाठ आढळली. १८ ते २५ या वयोगटात हे प्रमाण ०.२ टक्के होते, तर पासष्टीपुढे ३.२ टक्के. त्यांतील बहुसंख्य गाठी चित्रणावरून निरुपद्रवी होत्या. म्हणजे हजार ज्येष्ठांचा सीटी केला, तर तीसेक जणांच्या अहवालात ही ओळ येणार. स्कॅन जसजसे वाढतील, तसतशा या ओळीही वाढत जातील.

ती ओळ आपल्याकडे बहुधा अशी असते: ‘डाव्या ॲड्रेनलमध्ये लहान नोड्यूल. क्लिनिकल कोरिलेशन सुचवले जाते.’ यानंतर दोनांपैकी एक घडते. पहिल्या शक्यतेत घर हादरते. गाठ म्हणजे कर्करोग हे समीकरण आपल्या मनात पक्के असते. मग पेट स्कॅन, एमआरआय, एका शहरातून दुसऱ्या शहरात फेऱ्या आणि प्रसंगी अनावश्यक शस्त्रक्रिया. दुसऱ्या शक्यतेत ती ओळ कोणी वाचतच नाही. ज्या तक्रारीसाठी स्कॅन केला ती मिटली, फाइल कपाटात गेली, आणि रक्तदाबाचे खरे कारण ठरू शकणारी गाठ पुढची दहा वर्षे आपले काम निमूटपणे करत राहिली.

माझे म्हणणे असे आहे की भीती आणि दुर्लक्ष ही दोन्ही एकाच उणिवेची फळे आहेत. तो अहवाल म्हणजे अर्धवट मोजमाप असते. जो आकडा यंत्राने आधीच मोजलेला आहे तो लिहिला जात नाही, आणि जी एक स्वस्त चाचणी पुढे व्हायला हवी ती होत नाही. मी वैद्य नाही. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, कारण इथला पहिला प्रश्न मोजमापाचाच आहे.

यंत्र काय मोजते?

सीटीचे चित्र हे छायाचित्र नसते. ती आकड्यांची एक सारणी असते आणि आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी तिला करड्या छटा दिलेल्या असतात. शरीराच्या प्रत्येक लहानशा घनात क्ष-किरण किती क्षीण झाले, हे अनेक दिशांनी घेतलेल्या मापांवरून गणिताने काढले जाते. या गणिताचा पाया घालणारे ॲलन कॉरमॅक हे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९५० च्या दशकात केप टाउनच्या एका रुग्णालयात अर्धवेळ काम करताना त्यांना हा प्रश्न सुचला. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे प्रत्यक्ष यंत्र उभे केले. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि १९७९ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना विभागून मिळाले.

हाउन्सफिल्ड यांच्या नावाची मापनश्रेणी आजही वापरात आहे. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० मानायचे. चरबी सुमारे उणे १०० वर येते, मांसल ऊती साधारण ३० ते ५० वर आणि हाडे कित्येक शेकड्यांवर. यंत्र बिनचूक आहे की नाही, हे पाण्याने भरलेले नळकांडे स्कॅन करून तपासतात. त्याचा आकडा शून्याच्या अगदी जवळ यायला हवा.

अधिवृक्क गाठीच्या बाबतीत या श्रेणीला विशेष अर्थ आहे. या ग्रंथीचे बाह्यक कोलेस्टेरॉलपासून संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, तयार करते. त्यामुळे बाह्यकातून उपजलेल्या साध्या गाठींच्या, म्हणजे ॲडेनोमांच्या, पेशींत मेदाचा साठा असतो. मेदामुळे क्ष-किरण कमी क्षीण होतात आणि गाठीचा आकडा खाली येतो. रंगद्रव्य न टोचता केलेल्या सीटीत गाठ एकजिनसी दिसली आणि तिचा आकडा १० किंवा त्याहून कमी आला, तर ती कर्करोगाची नाही असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. युरोपीय अंतःस्रावतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा गाठीसाठी, ती कितीही मोठी असो, पुन्हा चित्रण करण्याची गरज नाही. पुढच्या पेट स्कॅनचा, वर्षानुवर्षांच्या सीटींचा आणि झोप उडवणाऱ्या रात्रींचा प्रश्न या एका आकड्याने सुटू शकतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सर्वच ॲडेनोमांमध्ये मेद पुरेसा नसतो. सुमारे तिसरा हिस्सा १० च्या वर जातो. म्हणून १० च्या वरचा आकडा म्हणजे कर्करोग, असे मुळीच नाही. आकडा ११ ते २० च्या दरम्यान आणि गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर आणखी एक चित्रण लगेच किंवा वर्षभराने करावे, असा सल्ला असतो. गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि आकडा २० च्या वर, किंवा गाठ विषम पोताची असेल, तर मात्र अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून शस्त्रक्रियेचा विचार करायला हवा. अधिवृक्क बाह्यकाचा कर्करोग फार विरळ आहे, दर दहा लाखांमागे वर्षाला एखाद-दुसरा. पण तो असतो तेव्हा वेळ दवडून चालत नाही.

आता आपल्या अहवालांकडे पाहा. गाठीवर माउसने एक वर्तुळ काढले की संगणक तिचा सरासरी आकडा दाखवतो. या कामाला अर्धा मिनिट लागतो आणि वेगळा खर्च काहीच येत नाही. तरीही असंख्य अहवालांत तो आकडा नसतो आणि कधी कधी गाठीचे मापही नसते. दुसरी अडचण अशी की पोटाचा सीटी अनेकदा थेट रंगद्रव्य टोचूनच केला जातो. रंगद्रव्यामुळे आकडा चढतो, आणि मग १० चा निकष लावता येत नाही. तिसरी अडचण अगदी घरगुती आहे. रुग्णाच्या हाती छापील फिल्म पडते. फिल्मवर छटा असतात, आकडे नसतात. मूळ डिजिटल नोंद असलेली सीडी किंवा फाइल असेल, तर तोच जुना स्कॅन उघडून दुसरा तज्ज्ञ आजही आकडा काढू शकतो. फिल्मवरून ते शक्य नाही. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एकक आणि मूल्य न लिहिता ‘थोडे तापले’ अशी नोंद केली, तर ती आपण परत करतो. इथे तशीच नोंद आपण पैसे मोजून घरी आणतो.

गाठ काही स्रवते का?

घनतेचा आकडा गाठ कर्करोगाची आहे का, एवढेच सांगतो. गाठ संप्रेरके तयार करते का, हे त्यातून कळत नाही. मेदाने भरलेली, दिसायला सालस गाठ वर्षानुवर्षे कॉर्टिसॉल स्रवत राहू शकते. म्हणून दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो, आणि त्याचे तीन भाग आहेत.

पहिला भाग कॉर्टिसॉलचा. हे संप्रेरक अतिरिक्त झाले की पोटावर चरबी साठते, त्वचा पातळ होते, सहज काळेनिळे डाग पडतात, मांड्यांतली ताकद जाते आणि हाडे ठिसूळ होतात. मात्र योगायोगाने सापडलेल्या गाठींत ही ठळक लक्षणे क्वचितच दिसतात. बहुतेकदा स्रवण सौम्य असते. बाहेरून काहीच जाणवत नाही, पण रक्तदाब, साखर आणि हाडे यांवर हळूहळू परिणाम होत राहतो. युरोपीय तत्त्वांनुसार अशा गाठींपैकी २० ते ५० टक्क्यांमध्ये हे सौम्य, स्वायत्त स्रवण आढळते. १६ देशांतील ३,६५६ रुग्णांच्या २०२२ मधील अभ्यासात या स्रवणाचा संबंध वाढीव मृत्युदराशी दिसला, आणि ६५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये तो अधिक ठळक होता. हा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेला होता, म्हणून त्यावरून थेट कार्यकारणभाव काढता येत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नक्कीच नाही.

ही बाब ओळखण्याची चाचणी विलक्षण सोपी आहे. रात्री ११ च्या सुमारास डेक्सामेथासोनची एकूण १ मिलिग्रॅम मात्रा घ्यायची आणि सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्तातले कॉर्टिसॉल मोजायचे. निरोगी शरीरात बाहेरून आलेले स्टेरॉइड पाहून मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी आपला आदेश थांबवते आणि कॉर्टिसॉल खाली जाते. स्वायत्त गाठ हा आदेश पाळत नाही. आकडा प्रति डेसिलिटर १.८ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी आला, तर तो प्रश्न मिटला. डेक्सामेथासोन हे तेच औषध आहे, जे २०२० नंतर करोनाच्या उपचारांमुळे देशातल्या प्रत्येक औषध दुकानाला ठाऊक झाले. या चाचणीला लागणाऱ्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या टपरीवरच्या चहाहून स्वस्त आहेत.

दुसरा भाग आल्डोस्टेरॉनचा. हे संप्रेरक शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. परिणामी रक्तदाब चढतो आणि औषधांना दाद देत नाही. पोटॅशियम कमी असणे ही त्याची पाठ्यपुस्तकी खूण, पण निम्म्याहून अधिक रुग्णांत ते प्राकृतच असते. म्हणून गाठ आणि उच्च रक्तदाब दोन्ही असतील, तर आल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर तपासायलाच हवे. कारण सापडले तर एका बाजूची ग्रंथी काढून किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने नेमका उपचार करता येतो.

तिसरा भाग ग्रंथीच्या गाभ्याचा, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा. गाभ्यातून उपजणाऱ्या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. अचानक उठणारी डोकेदुखी, धडधड आणि घाम ही तिची प्रसिद्ध त्रयी. परंतु योगायोगाने सापडलेल्या अशा गाठींमध्ये पुष्कळ अगदी मूक असतात. भूल देताना किंवा गाठीत सुई खुपसताना मात्र त्या रक्तदाबाचा जीवघेणा उद्रेक घडवू शकतात. तिच्यासाठी रक्तातील किंवा २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन मोजतात. ही चाचणी महाग आणि नाजूक आहे. रक्त रुग्णाला आडवे झोपवून घ्यावे लागते, नमुना थंड ठेवून न्यावा लागतो, आणि काही नैराश्यविरोधी औषधे निकाल बिघडवतात.

इथे पुन्हा तो न लिहिलेला आकडा आठवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात ३७६ फिओक्रोमोसायटोमांपैकी ३७४ गाठींची घनता १० च्या वर होती. त्यामुळे गाठ १० च्या खाली असेल, तर मेटानेफ्रिनची चाचणी करण्याची गरजच उरत नाही. फुकट मिळणारा एक आकडा महागडी चाचणी वाचवतो.

सगळ्यांच्या सगळ्या चाचण्या का करू नयेत?

‘धोका नको, सगळेच तपासून टाकू’ असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी थोडे अंकगणित. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, घनता न पाहता निवडलेल्या १००० गाठींपैकी ३० फिओक्रोमोसायटोमा आहेत. चाचणी त्यांतील जवळजवळ सर्व पकडते, पण १०० निरोगी व्यक्तींमागे ५ जणांना चुकून दोषी ठरवते. उरलेल्या ९७० पैकी सुमारे ४८ जण खोट्या संशयात सापडतील. म्हणजे चाचणी सदोष आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना हा आजार नसेल. आता १० पेक्षा कमी घनतेच्या १००० गाठी घ्या. त्यांत हा आजार जवळजवळ नाहीच. तरीही तीच चाचणी ५० जणांना घाबरवून सोडेल आणि कोणाचाही फायदा होणार नाही. चाचणी उत्तम असली, तरी ती कोणाची करायची हे चुकले की ती अपाय करते.

हाच विचार रक्तदाबालाही लागू पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही आणि प्रौढांमध्ये ३५.५ टक्के उच्च रक्तदाब असल्याचे दाखवले. दोन्ही इतके सार्वत्रिक असताना गाठ आणि रक्तदाब एकाच व्यक्तीत असणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. गाठ काढली म्हणजे रक्तदाब जाईल, असे आश्वासन संप्रेरकांची मोजणी केल्याशिवाय कोणीही देऊ नये. त्याच वेळी हेही खरे की इतक्या मोठ्या संख्येत एखादा लहान हिस्सा जरी अधिवृक्क कारणांचा असला, तरी ती माणसे लाखोंच्या घरात जातात. दर महिन्याला चौथ्या-पाचव्या गोळीची भर पडत राहते आणि कारण मात्र जुन्या फाइलीत पडून असते.

पाश्चात्त्य नियमावलीत न मावणारा भारत

वरचे निकष मुख्यतः युरोप-अमेरिकेतील रुग्णांवर घडले. आपल्याकडे त्यांना एक महत्त्वाची जोड द्यावी लागते, ती संसर्गाची. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा आजार प्रथम वर्णिला, तेव्हा त्यांच्या रुग्णांमध्ये क्षय हे प्रमुख कारण होते. पाश्चात्त्य देशांत ते आता मागे पडले आहे. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण असलेल्या भारतात ते मागे पडलेले नाही. त्याच्या जोडीला हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आहे. पक्षी आणि वटवाघळे यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत ती वाढते आणि श्वासावाटे शरीरात शिरते. दोन्ही अधिवृक्क ग्रंथी या बुरशीने सुजलेले रुग्ण चंदीगडच्या पीजीआयसह देशातील अनेक संस्थांनी नोंदवले आहेत.

दोन्ही बाजूंच्या ग्रंथी मोठ्या दिसत असतील, वजन घटत असेल, थकवा असेल, त्वचा काळवंडत असेल, तर संप्रेरक जास्त आहे का याआधी ते कमी पडते आहे का, हे विचारायला हवे. इथे क्रम चुकला की जीव धोक्यात येतो. क्षय आणि बुरशी सीटीवर सारखेच दिसू शकतात. पुराव्याविना क्षयाची औषधे सुरू केली आणि आजार बुरशीचा निघाला, तर मूळ आजार वाढत राहतोच. शिवाय क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन शरीरातील कॉर्टिसॉल वेगाने संपवते. ज्याची ग्रंथी आधीच निकामी होत आली आहे, असा रुग्ण या औषधाने एकाएकी कोसळू शकतो. पुरावा मिळवायचा तर ग्रंथीत सुई घालावी लागते, आणि सुई घालण्याआधी फिओक्रोमोसायटोमा नाही याची खातरजमा करावी लागते. आधी मेटानेफ्रिन, सोबत कॉर्टिसॉलची पातळी, मग सुई, आणि त्यानंतर औषध, हा क्रम प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे.

रिफाम्पिसिन आणखी एक गोंधळ करते. ते डेक्सामेथासोनही लवकर संपवते, त्यामुळे वर सांगितलेली रात्रीची चाचणी खोटी सदोष येते. अपस्माराच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या औषधांचे तसेच आहे. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो. आणि आपल्याकडचे एक उघड गुपित म्हणजे सांधेदुखी, दमा किंवा गोरेपणा यांसाठी चिठ्ठीविना घेतलेली स्टेरॉइडे आणि ती मिसळलेल्या पुड्या. अशा माणसाच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात, आणि कॉर्टिसॉलच्या कोणत्याही चाचणीचा अर्थ बदलतो. म्हणून चाचणीपूर्वी औषधांची खरी यादी विचारणे हा चाचणीचाच भाग आहे. यंत्र कितीही भारी असले, तरी हा प्रश्न माणसानेच विचारायचा असतो.

स्कॅन सर्वत्र, उत्तर महानगरात

चित्रण आता महानगरांपुरते राहिलेले नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ च्या मोफत निदान सेवा उपक्रमात जिल्हा रुग्णालयांतील सीटीचा समावेश आहे. खासगी तपासणी केंद्रे तालुक्यांपर्यंत पोचली आहेत. अधिवृक्क गाठींचा मोठा अनुभव मात्र चंदीगड, लखनौ, वेल्लोर, दिल्ली, मुंबई अशा मोजक्या ठिकाणच्या संस्थांत एकवटला आहे. गाठ बस्तरमध्ये किंवा मराठवाड्यात दिसते आणि तिचा अर्थ लावणारा माणूस शेकडो किलोमीटरवर बसलेला असतो.

पैशाचा प्रवाहही उलटा वाहतो. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचे संरक्षण देते. २०२४ मध्ये ती सत्तरीपुढील सर्वांसाठी खुली झाली. नेमक्या याच वयात या गाठी सर्वाधिक दिसतात. पण बाह्यरुग्ण म्हणून करायच्या चाचण्या तिच्यात येत नाहीत. म्हणजे गाठ काढण्याचा खर्च सरकार देऊ शकते, परंतु ती काढायची गरज आहे का, हे ठरवणाऱ्या चाचणीचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. या रचनेत कोणाचा दुष्टपणा असण्याची गरज नाही. ती आपोआपच शस्त्रक्रियेकडे किंवा दुर्लक्षाकडे ढकलते.

मला चार गोष्टी तातडीच्या वाटतात.

१. अधिवृक्क गाठीची नोंद करणाऱ्या प्रत्येक अहवालात चार बाबी बंधनकारक असाव्यात: बाजू, सेंटिमीटरमधील माप, रंगद्रव्याविना घनतेचा आकडा, आणि गाठ एकजिनसी आहे का. आकडा काढता येत नसेल तर तसे कारणासह लिहावे. अणुऊर्जा नियामक मंडळ यंत्राच्या किरणसुरक्षेवर देखरेख ठेवते. अहवालाच्या पूर्णतेची जबाबदारीही कोणीतरी घ्यायला हवी, आणि रेडिओलॉजिस्टांची संघटना २०२१ मध्ये एका तुलनेसाठी जितक्या तत्परतेने पुढे आली, तितक्याच तत्परतेने ती इथे पुढाकार घेऊ शकते.

२. एक मिलिग्रॅमची रात्रीची चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात उपलब्ध असावी. गोळी आहे, रक्त घेणारे हात आहेत. कमतरता कॉर्टिसॉलच्या विश्वासार्ह मोजणीची आणि एका पानाच्या सूचनेची आहे.

३. मेटानेफ्रिन आणि आल्डोस्टेरॉन–रेनिन या चाचण्या जिल्ह्यागणिक नकोत. त्यांच्यासाठी विभागवार केंद्रे आणि नमुन्यांची थंड वाहतूक उभारावी, आणि शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधीच्या या चाचण्यांचा खर्च सरकारी योजनेत धरावा.

४. कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी आपण १९८० च्या दशकाच्या आरंभापासून चालवतो. त्याच धर्तीवर या गाठींची बहुकेंद्री नोंद ठेवावी. भारतीय रुग्णांत क्षय-बुरशीचा वाटा किती, सौम्य कॉर्टिसॉलचा मधुमेहाशी संबंध किती, याची उत्तरे चोंगछिंगच्या आकड्यांतून मिळणार नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्या देशात बालमृत्यू आणि क्षय अजून आटोक्यात यायचे आहेत, तिथे बहुतांशी निरुपद्रवी गाठींवर पैसा कशाला? माझे उत्तर असे की नवा पैसा मागण्याआधी वाया जाणारा वाचवण्याचाच हा मार्ग आहे. पहिल्या शिफारशीला फक्त अर्धा मिनिट लागतो. आणि ‘होल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींनी निरोगी माणसांना यंत्रात सरकवणे आपण थांबवू शकत नसू, तर यंत्रातून जे बाहेर येते त्याची जबाबदारी टाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. लक्षणे नसताना असा स्कॅन करूच नये, हे माझे मत आहे. पण जो केला, त्याचा अहवाल पूर्ण हवा.

आता ज्यांच्या घरात अशी ओळ लिहिलेला अहवाल आहे, त्यांच्यासाठी. घाबरू नका, यातील बहुतेक गाठी आयुष्यभर उपद्रव देत नाहीत. अहवाल कपाटातही ठेवू नका. केंद्राकडून स्कॅनची डिजिटल प्रत मागून घ्या. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: माप किती, रंगद्रव्याविना घनतेचा आकडा किती, कॉर्टिसॉलची रात्रीची चाचणी कधी करायची, आणि रक्तदाब किंवा पोटॅशियम पाहता आल्डोस्टेरॉन तपासायचे का. आकडा १० च्या वर असेल तर पाचवी गोष्ट मेटानेफ्रिनची. घेत असलेली प्रत्येक गोळी, पुडी आणि मलम सांगा. गाठीत सुई घालण्याचा प्रस्ताव आला, तर फिओक्रोमोसायटोमा नाही हे आधी ठरले आहे का, एवढे जरूर विचारा. आणि गाठ निरुपद्रवी, अस्रावी ठरली, तर ते लिहून घ्या, म्हणजे पुढच्या स्कॅनच्या वेळी हीच भीती नव्याने सुरू होणार नाही.

या पानावर रेडिओलॉजिस्ट आणि अंतःस्रावतज्ज्ञ वाचक बरेच आहेत. आपल्या केंद्रात घनतेचा आकडा नेमाने लिहिला जातो का, जात नसेल तर अडचण वेळेची आहे, सवयीची की दराची, हे त्यांनी खाली जरूर लिहावे. पुढची चर्चा त्यावरूनच करता येईल.